निवायचे सहा दिवस

गेल्या दोन वर्षांत आमची मोठी भट्टी एकदाच पेटली होती, मागची लहान तर रिकामीच पडून होती. लोकांना आता कौलं नकोत, पत्रे हवेत. पत्रा एका दिवसात चढतो, कौलाला महिना लागतो, आणि महिनाभर वाट बघण्याइतकी सवड हल्ली कोणाला नाही. दादाने शहरात कुठल्याशा गोदामावर राखणदाराच्या जागेसाठी बोलून ठेवलं होतं. हे वहिनीला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, फक्त अण्णांना कोणी सांगितलं नव्हतं. दादा गेला की कौलांची थापणी गेली आणि थापणी गेली की भट्टी गेली, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

अशात वादळाने शाळेचं छप्पर उचललं. इंजिनिअर साहेब स्वतः आमच्या अंगणात आले. बुटाला माती लागू नये म्हणून ते सगळा वेळ एका फळीवर उभे होते.

"वासे जुने आहेत. त्यांच्यावर कौलंच बसतात, म्हणून आलोय," ते म्हणाले. "चार हजार. कधी द्याल?"

"झाली की कळवतो," अण्णा म्हणाले.

"म्हणजे कधी?"

"भट्टी आमची, माती आमची. काळजी नको."

साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला. "बाबा, असं नाही चालत. मला कागद पाहिजे. कुठल्या तारखेला कुठलं काम, कोण करणार, किती दिवस. तो मला वर दाखवायचा आहे. चोवीस तारखेला दुपारी कौलं शाळेत उतरली पाहिजेत. महिनाअखेर पाऊस गाठतो आणि पोरं उघड्यावर बसलीत. चोवीसची पंचवीस झाली तर मी पत्रे आणि पत्र्याखालचा सांगाडा, दोन्ही मागवणार. पत्रेवाला रोज फोन करतोय."

अण्णांनी आयुष्यात साडेचारशे भट्ट्या लावल्या असतील, पण कागदावर एकही नाही. ते आईकडे बघायला लागले, आई दादाकडे, दादा जमिनीकडे. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आली.

"उद्या कागद मिळेल, साहेब," ती म्हणाली.

वहिनी लग्नाआधी दोन वर्षं एका बांधकामवाल्याच्या कचेरीत होती. तिथे तिचं कामच हे होतं. गवंडी कधी येणार, सुतार कधी येणार, कोणाचं झाल्याशिवाय कोणाचं अडतं, याचे तक्ते करायचे. आमच्या घरात आल्यावर चार वर्षं तिने कौलं उलथली आणि शेण कालवलं. त्या दिवशी संध्याकाळी ती वही घेऊन पायरीवर बसली तेव्हा तिचा चेहरा मला ओळखू आला नाही. एवढी खूश.

"शेवटाकडून सुरुवात करायची असते," ती म्हणाली. "चोवीसला कौलं शाळेत. दोन दिवस हातचे ठेवू, अडीअडचणीला. म्हणजे बावीसला शेवटची खेप. गाडीला किती?"

"दोन दिवस," दादा म्हणाला.

"त्याआधी?"

"उतरणी. दोन दिवस," अण्णा म्हणाले. भट्टीतून कौलं काढायची म्हणजे उतरणी.

"भाऊजी, उतरणीच्या आधी काय?"

"जाळ," मी म्हणालो. "दोन दिवस, दोन रात्री." गावात मला जाळ्या म्हणतात. भट्टीला जाळ घालायचं काम माझं. आमच्या घरात अण्णांच्या खालोखाल मान त्याला आहे, निदान मी तसं समजत होतो.

त्याआधी अण्णांची भरणी, त्याआधी सुकवणी, त्याआधी दादाची थापणी. सगळं तिने लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी मोठ्या कागदावर चौकोनच चौकोन. आडवे दिवस, उभी कामं, प्रत्येक कामापुढे माणूस. एक प्रत साहेबांकडे गेली, एक सुकवणीच्या छपरीच्या दारावर खिळ्यांनी ठोकली. दिवसाचं काम झालं की तिथे खडूची निळी कांडी फिरवायची, नाही झालं तर लाल.

"शाळेत गेलो नाही ते बरं झालं," अण्णा म्हणाले. "म्हातारपणी नापास व्हायची वेळ आली."

सगळे हसले. वहिनीही हसली.

पहिले पाच दिवस नुसतं निळं होतं. माती मुरलेली होतीच. दादा पहाटे साच्यापुढे बसायचा तो ऊन उतरेपर्यंत उठायचा नाही. गोळा आपटायचा, तारेने वरची माती कापायची, ओल्या हाताने गुळगुळीत करायची, साचा उलटा. दिवसाला चारशे. चौथ्या दिवशी त्याचा अंगठा सुजला, तर वहिनीने चिंधी बांधून दिली आणि संध्याकाळपर्यंत त्याचे चारशे भरले. आई कमरेत वाकून कौलं उलथत होती. तिच्या पाठीचं हाड वाजलं की छपरीत ऐकू यायचं. तरी ती तक्त्यापाशी येऊन विचारायची, "माझं निळं केलंस का गं?"

माझं काम लाकडाचं होतं. पाच तारखेपर्यंत सगळं फोडून भट्टीपाशी रचायचं होतं. पण जाळाला अजून दोन आठवडे होते आणि लाकूड काही पळून जात नाही. मी दोन दिवस निवांत काढले. सहा तारखेला सकाळी ट्रॅक्टरवाला भाडं ठरवायला आला होता. त्याच्या देखत वहिनी म्हणाली, "भाऊजी, तुमचा चौकोन कालच भरायला हवा होता."

"भरतो की. कुठं आग लागलीय?"

"आग लागायच्या आधीच लाकूड लागतं."

ट्रॅक्टरवाला खो-खो हसला. वहिनीने लाल कांडी घेतली आणि माझ्या नावापुढचा चौकोन रंगवला. संपूर्ण तक्त्यात तेवढाच एक लाल.

"जाळ्या, तुझं तर कागदावरच पेटलं की रे," ट्रॅक्टरवाला म्हणाला.

मी कुऱ्हाड घेतली आणि दिवसभर लाकूड फोडलं. तळहाताला फोड आले ते फुटले. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान बाई, काल घरात आलेली, आणि मला परक्या माणसासमोर पोरासारखं उभं केलं. तेव्हा मला असंच वाटलं, आणि जे वाटलं ते सांगतो.

संध्याकाळी सगळे जेवायला गेल्यावर मी तक्त्यापुढे उभा राहिलो. तिची कुठे चूक सापडते का, हेच बघायला. चोराच्या मनात चांदणं. बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेलो. जाळ, सतरा आणि अठरा. उतरणी, एकोणीस आणि वीस.

बोट तिथेच राहिलं.

भट्टी जाळ थांबला की लगेच उघडत नाही. तोंड मातीने लिंपून बंद करायचं आणि सहा दिवस हातही लावायचा नाही. आतलं सगळं लाल असतं. त्याला हळूहळू निवू द्यावं लागतं. आधी गार हवा लागली की कौलाला तडा जातो. हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. पण त्या सहा दिवसांत कोणी काही करत नाही. दादा केस कापून येतो, आई बहिणीकडे जाते, अण्णा झोपतात. ते आमच्या हिशेबी सुट्टीचे दिवस. वहिनीने प्रत्येकाला विचारलं, तुमचं काम काय आणि किती दिवस. निवण्याचं काम कोणाचंच नव्हतं, म्हणून ते कोणी सांगितलं नाही. मीही नाही. तिने विचारलं, उतरणीच्या आधी काय, तर मी जाळ म्हणालो, आणि त्या वेळी मी खरोखर तसंच धरून बोललो होतो.

आणि तिला तरी कुठून कळावं? वर्षात तेवढेच दिवस मोकळे मिळतात, म्हणून भट्टी लिंपली की ती त्याच दिवशी माहेरी जायची. परत यायची तेव्हा उतरणी चाललेली असायची. ती कधी सुरू झाली, हे तिने कधी विचारलं नव्हतं आणि कोणी सांगितलं नव्हतं.

मी घरात गेलो. वहिनी वाढत होती. तोंडापर्यंत शब्द आले होते. ती म्हणाली, "भाऊजी, लाकूड उद्या दुपारपर्यंत होईल ना?"

"होईल," मी म्हणालो, आणि जेवायला बसलो.

दोन दिवसांनी सांगू, असं मनाशी म्हटलं. जरा तिलाही कळू दे. दोन दिवसांनी सांगितलं असतं, खरंच सांगितलं असतं. पण अकराला आभाळ भरून आलं.

पाऊस नव्हता, नुसतं दमट. कौलं सुकेनात. बोट लावलं की ठसा उठायचा. ओली कौलं भट्टीत घातली तर फुटतात, म्हणून सगळ्यांचे जीव टांगणीला. दादा दर तासाला बाहेर येऊन वर बघायचा. अण्णा म्हणाले, "चार दिवस गेले आता." वहिनी तक्त्यापुढे पाच मिनिटं उभी राहिली. मग तिने पहिली सहा दिवसांची कौलं वेगळी काढायला लावली. ती सुकलेली होती, त्यांची भरणी खालच्या थरात लगेच सुरू करायची. उरलेली घरात आणायची. आम्ही ती खाटांवर मांडली, कपाटावर मांडली, चुलीच्या भोवती रचली. तीन दिवस आम्ही सगळे स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यात दाटीवाटीने झोपलो. आई म्हणाली, "घर कौलांचं आणि आपण पाहुणे." चौदाला ऊन पडलं. चार दिवस जायचे तिथे एकच गेला, तोही हातच्या दोनांतला.

त्या दिवशी अण्णा तक्त्यासमोर बसले. त्यांना वाचता येत नव्हतं. निळ्या चौकोनांवरून बोट फिरवत ते म्हणाले, "पोरीच्या कागदात दम आहे बरं का." इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून माझ्या जाळाला एवढं ऐकलं नव्हतं.

आता सांगायचं म्हणजे काय सांगायचं? इतके दिवस कुठे होतास, असं विचारलं तर? जितका उशीर झाला तितकी जीभ जड होत गेली. बुडत्याचा पाय खोलात. दादा खुशीत होता. त्याने शहरातल्या माणसाला नाही म्हणून कळवून टाकलं. मी मूग गिळून लाकूड मोजत बसलो.

अठराला जाळ घातला. काय सांगू, असा जाळ मी कधी घातला नव्हता. आधी धूर, मग मंद, मग हळूहळू चढवत नेलेला. दोन दिवस, दोन रात्री मी तिथून हललो नाही. भुवया जळाल्या. कामात होतो तोवर बाकी काही आठवत नव्हतं, म्हणून काम संपू नये असं वाटत होतं. वीसच्या सकाळी अण्णांनी भोकातून आत पाहिलं, मान हलवली आणि भट्टीचं तोंड लिंपायला घेतलं.

लिंपून झालं. अण्णांनी बादलीत हात धुतले. "चला," ते म्हणाले, "आता सहा दिवस पाय पसरा."

वहिनी निळी कांडी घेऊन उभी होती. "सहा दिवस? अण्णा, आज उतरणी आहे."

"कसली उतरणी?"

"भट्टीची. आज आणि उद्या. ट्रॅक्टर बावीसला सांगितलाय."

अण्णांना वाटलं ती थट्टा करते आहे. "आज दार उघडलंस तर कौलं नाही, खापऱ्या मिळतील. निवायला नको?"

वहिनी छपरीच्या दाराशी गेली. तिचं बोट सगळ्या तक्त्यावरून फिरलं आणि जिथे माझं थांबलं होतं तिथेच थांबलं. मी भट्टीकडे तोंड करून राख ओढत राहिलो.

"मला कोणी सांगितलं नाही," ती म्हणाली.

"त्यात सांगायचं काय?" आई म्हणाली. "निवायचं ते आपलं निवतंच."

वहिनी उंबऱ्यावर खाली बसली. ओठांवर ओठ दाबून ती बोटांवर मोजत होती. "सव्वीसला उघडणार. दोन ट्रॅक्टर लावले तरी अठ्ठावीसला पोचणार. चार दिवस उशीर." मग दादाकडे बघून म्हणाली, "चूक माझी आहे. मी कामं विचारली. थांबणं विचारलं नाही."

दादाने हातातली टोपली लाथेने उडवली. "आणि मी तिकडे नाही म्हणून कळवून बसलोय. झालं. संपलं आता." असं म्हणून तो अंगणातून निघून गेला. वहिनी उठून टोपली सरळ करायला लागली. मी तेव्हाही गप्पच राहिलो. त्या क्षणाची मला सगळ्यांत जास्त लाज वाटते.

एकवीसला सकाळी उठून बाहेर आलो तर अण्णा भट्टीपाशी होते. हातात पहार.

"अण्णा, काय करताय?"

"वरचं तोंड थोडं फोडतो. आज थोडं, उद्या थोडं. निम्मी तरी वाचतील."

"निम्मी कशाची? सगळी जातील."

"जाऊ देत," ते म्हणाले. "पोरीने साहेबाला शब्द दिलाय. आपल्या घराचा शब्द आहे. ती रात्रभर रडलीय, मी ऐकलंय." या माणसाने साडेचारशे भट्ट्यांत एकदाही घाई केली नव्हती. एकदा गिऱ्हाइकाने घाई केली तर त्याला हाकलून दिलं होतं. आणि आज सुनेचा शब्द राहावा म्हणून त्यांनी लिंपलेल्या मातीवर पहार टेकवली. आई आणि दादा दारात आले होते. वहिनी धावत येत होती, "अण्णा, नको, अण्णा."

मी पहार धरली.

"शब्द तिने नाही मोडला," मी म्हणालो. "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"कागदात निवायचे दिवस नाहीत ते. मी वाचलं होतं. सांगितलं नाही."

अण्णांनी पहार सोडली. तिचं सगळं वजन माझ्या हातावर आलं. दादा दोन पावलं पुढे आला. मला वाटलं मारणार, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. पण तो माझ्याकडे बघत नुसता उभा राहिला, जणू मी कोण हे त्याला आठवत नव्हतं.

"कधी वाचलंत?" वहिनीने विचारलं. आवाज अगदी साधा.

"सहा तारखेला. संध्याकाळी."

तिने लाल चौकोनाकडे पाहिलं नाही, त्याचं नावही काढलं नाही. ती पुन्हा बोटांवर मोजायला लागली.

"सहाला," ती म्हणाली. "म्हणजे तुमच्या दादांची दोन हजारांवर कौलं झाली होती तोवर. पहिली सुकत आली होती. मागची लहान भट्टी रिकामी होती. अकराच्या आत ती भरून पेटवली असती, तर वीसला उतरली असती. अर्धं छप्पर वेळेआधी चढलं असतं, भाऊजी. अर्धं छप्पर चढलेलं बघितल्यावर उरलेल्यासाठी साहेब चार दिवस थांबले असते. पत्रे कोणी मागवले नसते."

एवढं बोलून ती आत गेली, तोंड धुतलं, साडी बदलली आणि पिशवी घेऊन बाहेर आली. मी तिच्यामागे चालू लागलो. तिने ये म्हटलं नाही, येऊ नको असंही म्हटलं नाही. कचेरीपर्यंत पाऊण तास चाललो, ती पुढे, मी मागे.

साहेबांच्या खोलीत भिंतीवर आमचा तक्ता लावलेला होता. वहिनी उभ्याउभ्याच म्हणाली, "साहेब, दिवस धरण्यात माझी चूक झाली. भट्टी निवायला सहा दिवस लागतात, ते मी धरलेच नाहीत. कौलं अठ्ठावीसला मिळतील. उत्तम मिळतील, पण अठ्ठावीसला."

मी तिच्या शेजारीच होतो. माझं नाव तिने घेतलं नाही. मी तोंड उघडलं तर तिने मान न वळवता हात जरासा हलवला, गप्प राहा म्हणून.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी खिडकीतून आभाळाकडे पाहिलं, तक्त्याकडे पाहिलं. "चार दिवस मी कुठून आणू, बाई? आधी सांगितलं असतंत तर काहीतरी केलं असतं."

"हो," वहिनी म्हणाली.

त्यांनी आमच्यासमोरच पत्रेवाल्याला फोन लावला. दोन मिनिटांत बोलणं झालं. मग तक्ता भिंतीवरून काढला, नीट घडी घातली आणि तिच्या हातात दिला. "मांडलंय मात्र फार चांगलं," ते म्हणाले. तिने घडी पिशवीत ठेवली.

पंचवीसला दादाने ट्रंक बांधली. शहरातल्या माणसाने गोदामाची जागा दुसऱ्याला दिली होती, पण ये, बघू कुठेतरी, असं म्हणाला होता. दादा निघाला तेव्हा अण्णा आणि आई दारापर्यंत गेले. मी छपरीत होतो. त्याने मला हाक मारली नाही.

सव्वीसला भट्टी उघडली. उघडायला आम्ही चौघंच. अण्णांनी माती खरवडली, विटा काढल्या. आतून कोमट हवा आली. पहिला थर मी आत वाकून काढला आणि वहिनीच्या हातात दिला, ती बाहेर रचत गेली. एकही कौल काळं नव्हतं, एकही कच्चं नव्हतं. वरपासून खालपर्यंत एकच लाल रंग. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चार हजार कौलं अंगणात रचून झाली. फुटलेली मोजली तर अकरा. अण्णा तिसऱ्या रांगेपाशी बसून राहिले. लांब शाळेकडून पत्रे ठोकल्याचा आवाज येत होता.

सहा दिवसांत वहिनी माझ्याशी कामापुरतंसुद्धा बोलली नव्हती. शेवटचं कौल मी तिच्या हातात दिलं. तिने ते उलटंसुलटं करून उजेडात धरलं, कडेवरून बोट फिरवलं.

"भाऊजी," ती म्हणाली, "जाळ फार चांगला घातलात."

आणि ते कौल रांगेच्या टोकाला ठेवून ती हात धुवायला गेली.